शाळा, उपासना आणि एका शिक्षिकेची आठवण

गावात आयुष्यभर शिकवलेली शिक्षिका वारली की तिच्याविषयी जे लिहिले जाते त्यात बहुधा ठरलेले शब्द असतात: प्रेमळ, शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय, श्रद्धाळू. हे शब्द खोटे नसतात. पण ते कोणत्याही शिक्षिकेला शोभतात, आणि जे सगळ्यांना शोभते त्यातून एकीची ओळख पटत नाही. वीस वर्षांनी तो मजकूर वाचणाऱ्याला तिच्या वर्गात किती मुले होती, पगार किती होता, वाचन ती कसे शिकवी, रविवारी कोणत्या चर्चमध्ये जाई आणि त्या जाण्याचा तिच्या शिकवण्याशी काही संबंध होता का, यातले काहीच कळत नाही. माझे म्हणणे एवढेच की गावच्या शिक्षिकेची आठवण कामाच्या तपशिलावर टिकते, आणि श्रद्धा हा तिच्या जगण्याचा भाग असेल तर तीही तितक्याच तपशिलाने नोंदली पाहिजे. गौरवासाठी ती फुगवू नये आणि संकोचापोटी गाळूही नये.

नाव राहते पण काम पुसते याचे उदाहरण म्हणून अमेरिकेच्या वायव्य भागातली रेडमंड नावाची दोन गावे पाहा. ऑरेगन राज्यातल्या रेडमंडला फ्रँक आणि जोसेफिन रेडमंड या दांपत्याचे नाव मिळाले. दोघेही नॉर्थ डकोटातून आलेले शिक्षक. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, कालव्याचे पाणी आणि रेल्वे येणार या भरवशावर, त्यांनी तिथल्या कोरड्या माळावर बिऱ्हाड मांडले. 1910 मध्ये त्या वस्तीला नगराचा दर्जा मिळाला. एवढे मोठे स्मारक शिक्षकांच्या वाट्याला क्वचितच येते. तरीही ते नाव रोज घेणाऱ्याला ही माणसे शिक्षक होती हे त्या नावातून समजत नाही, कारण गावाने त्यांना लक्षात ठेवले ते पहिले वसाहतकार म्हणून. दुसरे रेडमंड वॉशिंग्टन राज्यातले. मायक्रोसॉफ्ट 1986 मध्ये इथे आली आणि तिच्यामागोमाग अनेक मराठी कुटुंबे आली. मूळचे हे लाकूडतोडीचे आणि शेतीवाडीचे गाव. 1922 मध्ये बांधलेली शाळेची विटांची इमारत अजून उभी आहे. नाव जपले जाते, इमारतही जपली जाते. आत जे शिकवले गेले ते मात्र कोणी मुद्दाम लिहून ठेवल्याशिवाय उरत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत एकशिक्षकी शाळा सुमारे 2 लाख होत्या. एका खोलीत आठ इयत्ता, सहा वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या मुलापर्यंत सगळे एकत्र, आणि समोर बहुधा एक तरुण शिक्षिका. शेगडी पेटवण्यापासून खोली झाडण्यापर्यंतची कामे पुष्कळदा तिच्याच अंगावर असत. अनेक ठिकाणी ती विद्यार्थ्यांच्याच घरी राहायला असे, आणि लग्न झाले की बऱ्याच जिल्ह्यांत नोकरी सुटे. आठवडाभर ज्यांची उजळणी घेतली तीच मुले रविवारी चर्चमध्ये तिच्या शेजारच्या बाकावर असत. वॉशिंग्टन राज्यात मात्र या दोन जागांमध्ये कायद्याची भिंत होती. 1889 च्या राज्यघटनेनेच सांगितले होते की सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळा पंथीय नियंत्रणापासून आणि प्रभावापासून कायम मुक्त राहतील. देशभरच्या सरकारी शाळांतली प्रार्थना आणि बायबलवाचन सर्वोच्च न्यायालयाने 1962 आणि 1963 च्या निकालांनी थांबवले. या राज्याने ती दिशा सात दशके आधी घेतली होती. म्हणजे रेडमंडच्या परिसरातल्या भाविक शिक्षिकेला रविवारचा धडा सोमवारी वर्गात शिकवण्याची मुभा नव्हती. तिची श्रद्धा वर्गात यायची तर आचरणातूनच येणार: मागे पडलेल्या मुलासाठी थांबण्यातून, आजारी विद्यार्थ्याच्या घरी जाण्यातून, श्रीमंताच्या आणि मजुराच्या पोराला एकाच मापाने मोजण्यातून. हे वर्गातले वागणे नेमके कसे होते, हाच तपशील आपण लिहायचा विसरतो.

मराठी मुलखातल्या मिशनच्या शाळांत ही भिंत नव्हती, म्हणून आपली उदाहरणे अधिक गुंतागुंतीची आहेत. न्यू हॅम्पशायरमधल्या सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईत आल्या, 1839 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेल्या आणि 1862 मध्ये वारल्या तोवर अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत मुलींना शिकवत राहिल्या. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्यापूर्वी जोतीराव फुल्यांनी मित्रासह नगरला जाऊन फरारबाईंच्या शाळा पाहिल्या होत्या, आणि ही गोष्ट पुढे त्यांनी स्वतः सांगितली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंच्या चरित्रांतही या बाईंचे नाव येते. पण तेवढ्यापुरतेच. पस्तीस वर्षे शिकवलेली बाई आपल्या स्मरणात राहिली ती दुसऱ्यांच्या चरित्रातली एक ओळ म्हणून. तिच्यानंतर नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत मिशनच्या शाळा चालवणाऱ्या एतद्देशीय मास्तरांची आणि बाईंची तर तेवढीही नोंद सार्वजनिक आठवणीत नाही. त्यांतले बरेच जण गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेले होते. आठवडाभर ज्या खोलीत मुळाक्षरे गिरवली जात, तिथेच पुष्कळदा रविवारी मंडळी उपासनेला जमत. ज्यांना गावच्या शाळेच्या ओसरीवरही बसू दिले जात नव्हते, त्यांची मुले त्या खोलीत वाचायला शिकली. हे काम धर्माच्या प्रेरणेने झाले असे सांगितले नाही तर ते का झाले हे कळणार नाही. आणि फक्त धर्मासाठी झाले असे म्हटले तर तिथे शिकलेल्यांच्या कष्टांवर अन्याय होईल.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की मिशनची शाळा ही धर्मांतराची वाट होती, तेव्हा तिथल्या शिक्षकांचे भाविकपण कौतुकाने कशाला सांगायचे? आक्षेप निराधार नाही. शिकवणाऱ्या संस्थेचा तो हेतू होता आणि तिने तो लपवला नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही मुलींची शाळा उघडली ती धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन देऊन. सदन पुण्याला हलल्यावर तिथल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून 1893 मध्ये वादळ उठले. रानडे आणि भांडारकर या सुधारकांनी सदनाचे सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. आपल्या मुलीला काय शिकवले जाते हे विचारण्याचा त्या पालकांना पूर्ण अधिकार होता. पण याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि हिंदू राहूनच आयुष्यभर विधवांच्या शिक्षणासाठी कष्ट घेतले. जोतीरावांनी फरारबाईंकडून शाळेची कल्पना घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही. शिक्षिकेचा हेतू एक असतो, आणि शिकणारा त्या शिक्षणाचे काय करतो हे त्याच्या हाती असते. म्हणून हेतू झाकण्याची गरज नाही आणि परिणाम नाकारण्याचीही नाही. प्रामाणिक आठवणीत दोन्ही मावतात.

दुसरा आक्षेप असा की श्रद्धा ही खासगी बाब आहे. चर्चला न जाणारे, देव न मानणारे शिक्षकही तितकेच चांगले शिकवतात. हे खरेच आहे, आणि म्हणून सार्वजनिक शाळेने धर्मापासून अंतर राखावे हा वॉशिंग्टनच्या घटनेचा नियम योग्य आहे. पण तो नियम संस्थेसाठी आहे. आठवण माणसाची असते. एखाद्या नास्तिक शिक्षकाला त्याच्या विवेकवादाने घडवले असेल तर ते जसे सांगायला हवे, तसेच एखादीला तिच्या चर्चच्या मंडळीने घडवले असेल तर तेही सांगायला हवे. चर्चमध्ये ती बाजाची पेटी वाजवत होती की मुलांना गोष्टी सांगत होती, मंडळीतल्या कोणत्या प्रथेशी तिचे पटत नव्हते, शाळेतल्या इतर धर्मांच्या मुलांशी ती कशी वागली, हे लिहिले की श्रद्धाळू हा शब्द वेगळा लिहावा लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. अशा आठवणींतून त्यागाचे गोडवे गायले जातात आणि कमी पगारावर, असुरक्षित नोकरीत बायकांना राबवून घेणारी व्यवस्था निर्दोष ठरते. सेवाभाव म्हटले की पगाराचा प्रश्न विचारणे कमीपणाचे होते. हा धोका खरा आहे, पण त्यावरचा उपायही तपशीलच आहे. पगाराचा आकडा, लग्नानंतर सुटलेली नोकरी, न मिळालेले निवृत्तिवेतन हे सगळे लिहिले तर आठवण हीच व्यवस्थेविरुद्धची साक्ष होते. आणि दोषही लिहावेत. छडी हाती असेल तर छडी लिहावी. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आपल्यापुढे आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढे पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी. या पुस्तकात टिळकांचा लहरीपणा, संतापीपणा, घरातली ओढाताण काहीही लपवलेले नाही, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, शंभर वर्षांनी टिळक वाचकाला जिवंत माणूस म्हणून भेटतात. त्यांच्यावर स्तुतिपर पुष्कळ लिहिले गेले असेल. टिकले आहे ते हे.

रेडमंडमधल्या मराठी कुटुंबांची मुले आज अमेरिकन शाळांत शिकतात, त्यांचे आजी-आजोबा महाराष्ट्रातल्या खेड्यांत शिकलेले आहेत. या घरांत दोन्हीकडच्या शिक्षकांच्या आठवणी एकत्र नांदतात, आणि त्या सांगणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत. म्हणून विनंती अशी: तुमच्या गावच्या बाईंबद्दल किंवा मास्तरांबद्दल दोन पाने लिहून काढा. गावाचे नाव, शाळेचे नाव, साल, इयत्ता, विषय, पगार माहीत असेल तर पगार, त्यांचे देऊळ, मशीद किंवा चर्च, त्यांची शिकवण्याची एक पद्धत आणि त्यांचा एक दोष. विशेषणे शेवटी लिहा, जमल्यास लिहूच नका. ती पाने शाळेला द्या, गावच्या वाचनालयाला द्या, आणि एक प्रत घरच्या मुलांना वाचून दाखवा.