ओझं आणि बिऱ्हाड

"कोण्या कारखान्याला होता, दादा?"

बालाघाटच्या माथ्यावरच्या एका वस्तीत, गुढीपाडवा होऊन चार दिवस झाले असताना, एका मावशींनी मला हे विचारलं. कपिलधारेहून निघून आम्ही दोघं मित्र डोंगराच्या कण्याकण्याने पाटोद्याच्या बाजूला चाललो होतो. दोन दिवस, एक मुक्काम, पाठीवर सॅक. मावशींचा प्रश्न अगदी सरळ होता. या दिवसांत अंगाखांद्यावर सामान घेऊन, धुळीने भरून डोंगरात येणारा माणूस ऊसतोडीहून परतणाराच असणार. "नाही मावशी, फिरायला आलोय," मी म्हणालो. तेव्हापासून माझं हे उत्तर मला टोचतं आहे.

बीडचा दुष्काळ, ऊसतोड, दसरा-दिवाळीच्या सुमारास रिकामी होणारी गावं, हे वाचकाला नव्याने सांगायला नको. मला फक्त एका शब्दापाशी थांबायचं आहे. इथे नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसांची मोजणीच अवजाराने होते, आणि अवजार निघालं की चूल, भांडी, कोंबड्या, लेकरं सगळंच निघतं.

म्हणून मी ओझं आणि बिऱ्हाड यांत फरक करतो. ओझं उतरवता येतं. उतरवलं की माणूस मोकळा होतो. बिऱ्हाड उतरवलं की मात्र तिथेच तीन दगड मांडून संसार सुरू करावा लागतो. माझ्या पाठीवर होतं ते ओझं. मावशींनी त्यात बिऱ्हाड पाहिलं.

परतल्यावर हे एका स्नेह्याला सांगितलं. तो चिडलाच. "ज्यांना पोटासाठी सहा-सहा महिने घर सोडावं लागतं, त्यांच्याच डोंगरात तू हौसेने ओझं वाहतोस. हौसेचं चालणं हे भरल्या पोटाचं काम." त्याचा राग खरा होता, पण म्हणणं मला पटलं नाही. याच जिल्ह्यातली माणसं आषाढात पंढरीला पायी जातात. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीसाठी कपिलधारेला पायी दिंड्या येतात. त्यांना कोण ढकलतं? गरिबाचं चालणं नेहमी नाइलाजाचंच असतं असं मानणं म्हणजे त्याचं मनच नाकारणं. पायाखालची वाट, उघडं आभाळ आणि सोबत यांचा आनंद भरल्या पोटाची मक्तेदारी नाही.

आणि तो डोंगर चालण्याजोगा आहेच. सह्याद्रीसारखे कडे इथे नाहीत. काळ्या पाषाणाचे थर एकावर एक बसलेले, माथा सपाट, त्यावर मुरूम आणि कुसळी गवत. चैत्रात सीताफळीची झुडपं निष्पर्ण असतात. पळसाची शेवटची फुलं वाळून खाली पडलेली. दर अर्ध्या तासाला बसून मोज्यांतली कुसळं उपटावी लागतात. सकाळी दूरच्या ओढ्यातून मोर ओरडतो, आणि पवनचक्क्यांची पाती सावकाश फिरत असतात.

त्या माथ्यावर उभं राहिलं की मला पाण्याचा विचार सुचतो. इथे पडलेला पावसाचा थेंब उत्तरेला वळला तर बिंदुसरा, सिंदफणा करत गोदावरीला मिळतो. इकडे तिला गंगाच म्हणतात आणि खालच्या काळ्या रानाला गंगथडी. तोच थेंब दक्षिणेला वळला तर मांजरेत जातो. मांजरा पाटोदा तालुक्यातच उगम पावते, धाराशिव, लातूर, बीदर असा सातशे किलोमीटरांहून मोठा वळसा घालते आणि तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्तीला पुन्हा गोदावरीलाच भेटते. एका वितीच्या अंतरावर दुरावलेले दोन थेंब अखेर एकाच पात्रात येतात. पण डोंगराच्या वाट्याला त्यातलं काही उरत नाही. पाणी जातं, आणि त्याच्यामागून माणसं जातात.

म्हणूनच माझा एक नियम होता. उन्हाळ्यात डोंगर चालायचा तर आपलं पाणी आपण न्यायचं, कुणाला तोशीस द्यायची नाही. माणशी आठ लिटर घेऊन निघालो होतो. या नियमाचा मला अभिमान होता. स्नेह्याला उत्तर म्हणून मी तोच पुढे करणार होतो, की आम्ही कुणाचं काही घेत नाही.

पण मग ती दुपार आठवली. मावशींच्या दारात निळा प्लास्टिकचा ड्रम होता. टँकर परवा येऊन गेला होता. मावशी ड्रमच्या तोंडावर पोट टेकवून आत वाकल्या, तांब्या तळाला घासल्याचा आवाज आला, आणि पाणी घेऊन वर आल्या. मी म्हणालो, "राहू द्या मावशी, आहे आमच्याकडे." तांब्या पुढेच राहिला. "आसंल की. पण दारावरनं कुणी तसंच जातं का?"

मित्राने तांब्या घेतला. मी घेतला नाही.

स्नेह्याचं बोलणं त्या माणसांबद्दल चूक होतं, पण माझ्याबद्दल त्यात तथ्य होतं. हौसेने चालण्यात दोष नाही. दिंडीतला माणूस वाटेवरच्या प्रत्येक दाराचं पाणी पितो, कुणाच्या तरी ओसरीवर झोपतो, आणि ते देणं मनात ठेवून पुढच्या वर्षी त्याच दारी येतो. मी मात्र कुणाचं देणं लागायचं नाही म्हणून आठ किलो पाणी वाहिलं. कचरा आपण परत न्यावा, सरपण तोडू नये, हा नियम डोंगराशी ठीक आहे. माणसाशी तो लावला की आपण वस्तीतून जातो, पण कुणाकडेच जात नाही. पाणी आपलं आपण न्यावंच. पण ते भरल्या बाटलीनिशी कुणाचा तांब्या नाकारण्यासाठी नसावं. त्या दारी तांब्या घ्यावा, आणि निघताना आपल्याजवळचं उरलेलं त्या ड्रममध्ये ओतावं.

घरी आल्यावर सॅक रिकामी केली, तेव्हा तळाशी दोन लिटर पाणी तसंच निघालं.