बोलायला शिकवणारी संघटना

सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांचं एक अभ्यासशिबिर भरलं होतं. समारोपाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खातं त्यांच्याकडे होतं. कामगारांनी रूसो, मार्क्स, मिल वाचावेत, मजुरांच्या स्थितीबद्दल पोप लिओ तेरावे यांनी काढलेलं पत्रकही वाचावं, असं त्यांनी सांगितलं. आपला कामगार हे वाचत नाही, राजाराण्यांच्या गोष्टींतच रमतो, याची खंतही त्यांनी लपवली नाही. महायुद्धाचे दिवस, महागाईनं कंबरडं मोडलेलं, आणि अशा वेळी ते कामगाराला पुस्तकं वाचायला सांगत होते. मला त्यात कामगाराबद्दलचा सर्वांत मोठा आदर दिसतो.

आपल्याकडे युनियन म्हटलं की मोर्चा, गेटसभा आणि पुढारी एवढंच आठवतं. महाराष्ट्रानं मोठे पुढारी पाहिले आणि त्यांच्या शब्दाखातर लाखो हात थांबलेलेही पाहिले. पण पुढारी गेटबाहेर असतो. आत, सुपरवायझरसमोर, कामगार एकटाच उभा असतो. तिथं कामाला येतं ते त्याला स्वतःला किती ठाऊक आहे तेवढंच.

म्हणून चांगल्या शिबिराची सुरुवात भाषणानं न होता पगाराच्या चिठ्ठीनं होते. प्रत्येकानं आपापली स्लिप पुढ्यात ठेवायची आणि एकेक रकाना वाचायचा. बेसिक किती, डीए किती, पीएफ कोणत्या रकमेवर कापला? मूळ वेतन आखडून भत्ते फुगवले की पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही घटू शकतात, हे हिशेब मांडला की लख्ख दिसतं. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळायला हवा, तो साध्या दरानं लावलाय, हेही तिथंच उमगतं. वर्षानुवर्षं घडी घालून खिशात ठेवलेला कागद माणूस पहिल्यांदा नीट वाचतो.

त्याहून मोलाची असते ती लुटुपुटीची खातेचौकशी. एकजण चौकशी अधिकारी, एकजण कंपनीचा साक्षीदार, एकजण आरोपी कामगार, एकजण त्याचा बचाव प्रतिनिधी. आरोपीच्या खुर्चीत बसलेल्याचा आवाज नाटकातही कापतो. मग तो हळूहळू शिकतो: आरोपपत्र मला कळेल अशा भाषेत द्या, कागदपत्रांच्या प्रती द्या, साक्षीदाराला मी उलट प्रश्न विचारणार, वाचल्याशिवाय सही करणार नाही. चौकशी चालू असताना निलंबन झालं, तर पहिले ९० दिवस निम्मं वेतन आणि विलंब आपल्यामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के, हे कळलं की भीतीचा निम्मा भार उतरतो. घरची चूल पेटती राहणार, हे कळलेला माणूस ताठ बसतो. आत्मविश्वास जन्मजात असतो असं आपण म्हणतो. मला तो बव्हंशी सरावाचा भाग वाटतो.

पुण्यात तर शिक्षणातूनच संघटना उभी राहिली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून कचरावेचक बायका एकत्र आल्या आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. ज्यांच्याकडे पोलिस चोर म्हणून पाहत, त्या बायकांच्या हाती महापालिकेनं मान्य केलेलं ओळखपत्र आलं. आपण करतो ते काम आहे आणि त्यामुळे शहराचा पैसा वाचतो, हे त्या ठासून मांडू लागल्या. जाणीव आधी आली, हक्क तिच्यामागून आला.

आज हा अभ्यास पूर्वीपेक्षा जास्त निकडीचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुने कायदे चार श्रमसंहितांत विलीन झाले. जुन्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असलेली कलमं बदलली. नियुक्तिपत्र आता प्रत्येक कामगाराला मिळायला हवं, ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी लागू होते. पण कंत्राटावरच्या पोरांना हे सांगणार कोण? ठेकेदार सांगणार नाही.

आणि त्यांनाच शिबिराला येणं सर्वांत अवघड. एक दिवस खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: वर्गणीतला ठरावीक हिस्सा अभ्यासवर्गासाठी बाजूला काढा, आणि शिबिराला येणाऱ्या कंत्राटी कामगाराची त्या दिवसाची मजुरी संघटनेनं भरून द्या.