तुतारीच्या गावात जगबुडीचं पुस्तक

मालगुंडला, ‘तुतारी’ लिहिणाऱ्या कवी केशवसुतांच्या स्मारकात एका निवृत्त गुरुजींशी गप्पा चालल्या होत्या. गावच्या वाचकांना काय सुचवावं, असा विषय निघाला आणि मी नेव्हिल शूट यांच्या ‘ऑन द बीच’ या कादंबरीचं नाव घेतलं. गुरुजी नाराज झाले. ‘तुतारीच्या गावात जगबुडीची पुस्तकं? विज्ञानकथेनं उमेद द्यावी!’ ते बोल मला अजून टोचतात.

विज्ञानकथा म्हणजे नुसती यानं आणि यंत्रमानव नव्हेत, हे आता सांगायला नको. पण जगबुडीची कथा म्हणजे भयकथाही नव्हे : भीती वेगळी आणि अस्वस्थता वेगळी. नारायण धारपांची भयकथा रात्री दिवा मालवू देत नाही, पण उजाडलं की भीती ओसरते. अस्वस्थता उजाडल्यावरच सुरू होते. १९५७च्या ‘ऑन द बीच’मध्ये अणुयुद्ध होऊन गेलंय, उत्तर गोलार्ध निर्मनुष्य आहे आणि किरणोत्सार मेलबर्नकडे सरकतोय. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून तुटक बिनतारी संदेश येतात, म्हणून पाणबुडी तिथे जाते. संदेश पाठवणारं कोणीच नसतं. वाऱ्यानं हलणारी खिडकीची चौकट यंत्राची कळ दाबत असते.

गुरुजींना जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ चालते. मलाही आवडते. पण तिथे बुद्धिमान यंत्राचा धोका माणसाला वेळीच कळतो. शूट ती सवलत देत नाहीत.

आणि केशवसुतांना उमेदीपुरतंच का ठेवायचं? ‘तुतारी’ १८९३ची, दोनच वर्षांनी एच. जी. वेल्सच्या कादंबरीतला कालप्रवासी मरू घातलेल्या पृथ्वीच्या किनाऱ्यावर उतरला. केशवसुत स्वतः १९०५ साली हुबळीत प्लेगनं गेले, ऐन एकोणचाळिशीत. त्यांच्या कवितेत उद्विग्नताही भरपूर आहे.

तरी गुरुजींचं निम्मं म्हणणं मला पटलं होतं : असली पुस्तकं प्रौढांनी वाचावीत, पोरांना नकोत. पण शूटच्या कादंबरीतलं तरुण जोडपं आठवलं. आपण पाहणारच नाही अशा वसंतासाठी ते बाग आखत बसतात. ते वाचून मरणापेक्षा जगण्याचीच ओढ अंगावर येते, आणि ती ओढ विशीतल्या पोरांइतकी कुणाला कळणार? अणुबाँबचं जगही त्यांच्याच वाट्याला येणार आहे. आता मी म्हणेन, हे पुस्तक आधी त्यांनाच द्या. मात्र देऊन मोकळे होऊ नका. वाचून झाल्यावर त्यांच्याशी बोलायला बसा. गुरुजी, तुम्हीही या.