तांडा, नायक आणि अर्धी वाट

वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून रामनवमीस तेथे बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. या समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून दूरदूरचा प्रवास करीत. तांड्याचा प्रमुख तो नायक. वाट कोणती धरावयाची, मुक्काम कोठे करावयाचा, हे त्याने ठरवावे. परंतु ठरवणाराही त्याच वाटेने चाले. निर्णय चुकला तर तहान त्यालाही सोसावी लागे. आज जेथे नायक वेतन देऊन आणले जातात, तेथे निर्णय आणि परिणाम यांची ही गाठ सुटलेली दिसते. अशा नायकाने अर्ध्या वाटेवर तांडा सोडणे, किंवा तांड्याच्या धन्याने त्याला सोडणे, कितपत न्याय्य?

फुटबॉलमध्ये हा प्रश्न वारंवार उभा राहतो. मुंबई सिटी संघाने डेस बकिंगहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली २०२३ साली इंडियन सुपर लीगच्या साखळीत अग्रस्थान मिळवले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, पुढचा हंगाम चालू असतानाच, ते आपल्या जन्मगावच्या ऑक्सफर्ड युनायटेड संघाकडे गेले. डिसेंबरात पेत्र क्रात्की हे चेक प्रशिक्षक आले, आणि ४ मे २०२४ रोजी मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून चषक जिंकला. त्याच महिन्यात ऑक्सफर्डनेही बोल्टनवर मात करून वरच्या श्रेणीत प्रवेश केला. ज्याचा शेवट गोड ते सारेच गोड, असे तेव्हा कोणीही म्हणाला असता. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये, पराभव साचू लागताच, ऑक्सफर्डने याच बकिंगहॅम यांना हंगामाच्या मध्यावर दूर केले.

पेरले ते उगवले, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. जन्मगावाची हाक ऐकणे हा अपराध नव्हे. आणि करारात दोन्ही पक्षांस मोकळीक असेल तर कायद्याची तक्रारही उरत नाही. नीतीची तक्रार मात्र उरते. प्रशिक्षक स्वेच्छेने जातो तेव्हा धोका खेळाडूंच्या व चाहत्यांच्या वाट्यास येतो. चालक त्याला काढतात तेव्हा साऱ्या अपयशाचे खापर त्या एकाच्या माथी फुटते. दोन्ही प्रसंगी ठरवणारा एक आणि भोगणारा दुसरा.

मग हंगाम संपेपर्यंत कोणासही बदलू नये काय? तसेही म्हणवत नाही. नायक निर्जळ माळाकडेच नेत असेल, तर त्याच्या मानासाठी साऱ्या तांड्यास तहानेने मारणे ही निष्ठा नव्हे. तथापि वाट खरोखरच चुकली आहे की चालकांचा धीर सुटला आहे, हे आधी पारखावयास हवे. मार्च २०२३ मध्ये जर्मनीतील बायर्न म्युनिकने युलियन नागल्समान यांना दूर केले. संघ तेव्हा अग्रस्थानापासून एकाच गुणाने मागे होता आणि युरोपातील मुख्य स्पर्धेत टिकून होता. नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ती स्पर्धा हुकली. देशातील विजेतेपद अखेरच्या दिवशी कसेबसे हाती आले. त्याच दिवशी ऑलिव्हर कान आणि हसन सालिहामिद्झिच या चालकांनाही क्लबने पदावरून दूर केल्याचे जाहीर झाले. ठरवणाऱ्यास भोगावे लागले खरे. परंतु दोष एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर सरकवणे म्हणजे हिशोब देणे नव्हे.

हिशोब आधी द्यावयाचा असतो. जो काढतो त्याने विचारावे : या माणसाला निवडले कोणी? हाताशी खेळाडू कोणते दिले? त्यातील आपला वाटा उघडपणे पदरी घेऊन मगच त्याने दुसऱ्यास निरोप द्यावा. जो स्वतःहून जातो त्याने वाटेच्या खुणा पुढच्यास नीट सांगाव्या आणि मागे राहणाऱ्यांच्या तोंडावर आपले कारण बोलून जावे. एवढे घडले तर अर्ध्या वाटेवरचा बदलही प्रामाणिक ठरेल. ते न घडता मिळालेला चषक फार तर दैवाची कृपा म्हणावा. न्यायाचा दाखला म्हणून तो कोणी पुढे करू नये.