आर्ताची हाक

देवाजवळ मागावे की मागू नये, हा वाद आपल्या संप्रदायात जुना आहे. निष्काम भक्ती श्रेष्ठ, हे सर्वांस मान्य आहे. कीर्तनात आम्हीही ते शेकडो वेळा प्रतिपादिले आहे आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या आहेत. परंतु माणसाने माणसाजवळ मागावे की नाही, संकटात सापडलेल्या गावाने दुसऱ्या गावापुढे पदर पसरावा की नाही, याचा विचार आपण फारसा करीत नाही. आम्हीही केला नव्हता. तो आमच्याकडून एका वादळाने करवून घेतला. त्यात आमची चूक कोठे झाली, ते सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. म्हणून आधी तेच सांगतो.

सन २०२० च्या ज्येष्ठ महिन्यातली गोष्ट. निर्जला एकादशी झाली आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे द्वादशीस, ३ जून रोजी, 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ दुपारच्या वेळी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मंडणगड, दापोली या पट्ट्यात काही तासांत होत्याचे नव्हते झाले. सूचना वेळेवर मिळाली होती, लोकांना सुरक्षित जागी हलविले होते, त्यामुळे माणसे पुष्कळ वाचली. परंतु घरांवरची कौले, पत्रे उडून गेले. विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. पाऊस तर दारातच उभा. त्यातच महामारीचे दिवस. त्या वर्षी संतांच्या पादुकासुद्धा एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या, हे वाचकांस आठवतच असेल.

अशा वेळी दापोलीकडच्या एका गावातून आम्हांस फोन आला. तेथील दिंडीचे विणेकरी बोलत होते. त्यांच्या गावी आमचे सप्ताह झालेले, त्यांच्या ओटीवर आम्ही जेवलेलो. ते म्हणाले, "महाराज, छप्पर गेलं. देवळाचं गेलं, आमचंही गेलं. ताडपत्री, पत्रे, कौलं, जे मिळेल ते हवं आहे. घाटावर तुमचं ऐकणारी माणसं पुष्कळ आहेत. आमच्यासाठी त्यांना दोन शब्द सांगा."

आम्ही काय उत्तर दिले? "धीर धरा. पांडुरंग पाहतो आहे." इतके बोललो आणि फोन ठेवला.

असे का केले, याचे कारण आम्ही स्वतःला मोठे सात्त्विक देत होतो. पाठशाळेत आमच्या गुरुजींनी शिकविले होते की, विद्वानाने मरण पत्करावे पण याचना करू नये. ज्याने हात पसरला त्याची वाणी तेजोहीन होते. पुढे कीर्तनाला उभे राहिलो तेव्हाही नेम केला की गादीवरून कधी काही मागायचे नाही. तो नेम चाळीस वर्षे पाळला. आता पत्रे आणि ताडपत्र्या मागत लोकांना फोन करावे, हे जिवावर आले. शिवाय कीर्तने तेव्हा बंदच होती. निमित्त आयतेच मिळाले.

देवळे उघडल्यावर, मार्गशीर्षात, आम्ही त्या गावी गेलो. ज्या वाड्यांत भर दुपारी ऊन खाली उतरत नसे, तेथे आभाळ मोकळे दिसत होते. पोफळी एकाच दिशेला आडव्या पडलेल्या, कापून रचून ठेवलेल्या. काही माड कमरेतून मोडलेले. पोफळीवर चढविलेले मिरीचे वेल तिच्याबरोबरच गेले. विणेकरी म्हणाले, "आता लावलेल्या रोपाला सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातील. माझं वय बहात्तर." हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही, हललो आम्हीच. भरपाईचा हिशेब हेक्टरांत आणि यांची वाडी गुंठ्यांत! कागदावर ज्याची जमीन अर्धा एकरसुद्धा नाही, त्याचा सारा संसार त्या दाटीने लावलेल्या झाडांवर उभा होता, हे कागदाला दिसत नाही.

रात्री त्यांच्या ओटीवर बसलो. अर्ध्या घरावर नवे पत्रे, अर्ध्यावर अजून ताडपत्री. पावसाळा कसा काढला, हे विचारायचे आम्हांस धैर्य होईना. शेवटी आम्हीच विषय काढला आणि म्हणालो, "तुमचा फोन आला तेव्हा आमच्याकडून काही झालं नाही." ते थोडे थांबले. मग म्हणाले, "महाराज, रागावू नका. पांडुरंग पाहतो आहे, हे आम्हांला ठाऊकच होतं. म्हणून तर तुम्हांला फोन केला."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. न्याय, व्याकरण, वेदान्त, काही कामास आले नाही. त्या रात्रीपासून या प्रश्नाचा जो विचार केला, तो आता क्रमाने मांडतो.

पहिली शंका प्रारब्धाची. काही सज्जन म्हणतात, ज्याचे त्याचे भोग ज्याने त्याने भोगले पाहिजेत. आपण मध्ये पडून काय होणार? हे ऐकायला शास्त्रासारखे वाटते, पण शास्त्र नव्हे. एक उदाहरण घ्या. सन १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच ओडिशाच्या किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलिन' नावाचे भयंकर वादळ आले. त्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना किनाऱ्यावरून हलविले होते. मृत्यू झाले ते पन्नासाच्या आत. आता सांगा, चौदा वर्षांत त्या किनाऱ्यावरच्या लोकांचे संचित का बदलले? संचित बदलले नाही. बदलली ती माणसांची दक्षता. निवारे बांधले, इशारे गावोगाव पोचविले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून नेले. वारा येणे हे आपल्या हातात नाही, हे खरे. पण वारा आल्यावर किती माणसे मरावीत, हे पुष्कळसे आपल्या हातात असते. मग दुसऱ्याचे दुःख पाहून प्रारब्धाचे नाव घेणे म्हणजे आपल्या आळसाला वेदान्ताची शाल पांघरणे होय. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखाकडे पाहताना उच्चारावा, तेथे तो धीर देतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहताना उच्चारला की तो निष्ठुर होतो. आम्ही फोनवर जो पांडुरंगाचा हवाला दिला, तो याच जातीचा होता.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म, आणि आमची अडचण खरी तेथेच होती. मागणारा लहान होतो, असे आपण म्हणतो. वामनाचे आख्यान आम्ही कितीदा लावले असेल! प्रत्यक्ष भगवंतालासुद्धा मागायचे झाले तेव्हा बुटके व्हावे लागले, असे सांगून श्रोत्यांना हसविले आहे. परंतु त्या कथेतली एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटली होती. वामनाने मागितले ते स्वतःसाठी नव्हे. ज्यांचे स्थान गेले होते त्यांच्यासाठी तो मागत होता. दुसऱ्याचे घर परत उभे राहावे म्हणून त्रिभुवनाच्या मालकाने लहान होणे पत्करले. मग आमचे मोठेपण असे काय होते की ते चार पत्र्यांसाठी कमी झाले असते? स्वतःसाठी मागणे आणि दुसऱ्यासाठी मागणे यांत अंतर आहे. गुरुजींनी निषेध केला तो पहिल्याचा. आम्ही त्या निषेधाच्या आडोशाला उभे राहून दुसरे टाळले. गुरुजींचे वचन खोटे नव्हते. आम्ही त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला.

आणि जो स्वतःसाठी मागतो, ज्याचे छप्परच उडाले आहे, त्याचे काय? तो तरी हीन आहे काय? गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत. त्यांत पहिले नाव आर्ताचे आहे. दुःखाने पिडलेला, म्हणून हाक मारणारा, तो आर्त. ज्ञानी भगवंताला अत्यंत प्रिय हे खरे, पण पुढे लगेच चौघांनाही त्यांनी उदार म्हटले आहे. टीकाकार येथे 'उदार' याचा अर्थ श्रेष्ठ, थोर असा करतात, तो योग्यच. पण आमच्या मराठी कानाला उदार म्हणजे देणारा. मागणारा आणि उदार? होय. त्या रात्री ओटीवर आम्हांस हा अर्थ लागला. विणेकऱ्यांनी आमच्याजवळ मागितले तेव्हा त्यांनी आम्हांस काहीतरी दिले होते. आम्ही त्यांचे आहोत, हा विश्वास दिला होता. परक्याजवळ कोणी रडत नाही. हाक मारायला नाते लागते. ज्या दिवशी संकटातला माणूस तुम्हांला हाक मारीनासा होतो, त्या दिवशी त्याने तुम्हांला आपल्यातून वजा केले, असे समजावे. आम्ही ती हाक परत पाठविली, तरीही त्यांनी मार्गशीर्षात आम्हांस ओटीवर बसविले. उदार कोण आणि कृपण कोण, वाचकांनीच ठरवावे.

तिसरी गोष्ट शंकेची नाही, व्यवहाराची आहे. पण धर्माचा कस व्यवहारातच लागतो. दान देश, काल आणि पात्र पाहून द्यावे, असे गीतेने सतराव्या अध्यायात सांगितले आहे. पात्र या शब्दावर आम्ही पंडितांनी पुष्कळ कीस पाडला. देश-कालाकडे मात्र थोडेच पाहिले. डिसेंबर २००४ मध्ये सुनामीच्या लाटांनी तमिळनाडूचा किनारा धुऊन नेला, तेव्हा देशभरातून जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग तेथे गेले आणि रस्त्याच्या कडेला पडून राहिले. कोळ्याला होडी हवी, जाळे हवे. आणि आपण त्याला आपल्या घरातली अडगळ पाठविली. देणाऱ्याचे कपाट रिकामे झाले, घेणाऱ्याचे पोट नव्हे. हे दान राजसही नव्हे. त्याला नुसती झाडलोट म्हणावी. म्हणून हाक नीट ऐकावी. विणेकरी कौले मागत होते, तर कौलेच द्यावीत. त्यांना ब्लँकेट देऊन छायाचित्र काढू नये. जो संकटात आहे त्याला आपल्या गरजेचे ज्ञान आपल्यापेक्षा अधिक असते. आणि पहिल्या आठवड्याची हाक वेगळी, पहिल्या वर्षाची वेगळी. ताडपत्रीची हाक सर्वांना ऐकू येते. सहा वर्षांनी फळ देणाऱ्या रोपाची हाक कोणी ऐकत नाही, कारण तोवर वर्तमानपत्र दुसऱ्या गावी गेलेले असते.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे आख्यान आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे लुटविली आणि विठोबा महाराचे रूप घेऊन बेदरास रक्कम भरून आला. हा भाग आला की श्रोत्यांच्या डोळ्यांना धारा लागतात. आम्हीही त्या भागासाठी आवाज राखून ठेवतो. पण त्याआधीचा छोटा प्रसंग आम्ही भरभर उरकीत असू. पंढरपूरहून आलेला भुकेला ब्राह्मण दामाजीपंतांच्या घरी पानावर बसतो आणि भरल्या ताटावर त्याच्या डोळ्यांत पाणी येते. घरी बायकामुले उपाशी आहेत, घास उतरत नाही. पंत त्याला धीर धरा म्हणाले नाहीत. पांडुरंग पाहतो आहे, असेही म्हणाले नाहीत. त्यांनी ते अश्रू ऐकले. विठोबा पुढे आला, तो त्यानंतर. आधी दामाजींनी कोठाराचे दार उघडले, मग देवाने वाट धरली. हा क्रम उलटा करून चालत नाही. आम्ही तो उलटा केला होता.

आता आम्ही आख्यानाचा तो छोटा प्रसंग सावकाश लावतो. श्रोते कधी कधी घड्याळ पाहतात, पाहोत बापडे.

असो. पुढच्याच वर्षी, सन २०२१ च्या मे महिन्यात, 'तौक्ते' वादळ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातेकडे गेले. वारे सुटल्याचे कळताच या खेपेला आम्हीच विणेकऱ्यांना फोन लावला. दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला. आम्ही विचारले, "काय हवं आहे?" ते म्हणाले, "घर टिकलं, महाराज. नवी रोपं थोडी आडवी झाली आहेत, बांधून घेऊ. पण खालच्या वाडीत चार घरांचे पत्रे गेले आहेत. त्यांच्यासाठी..." आणि ते अडखळले. स्वतःसाठी मागताना जो माणूस अडखळला नव्हता, तो आता अडखळत होता. मागच्या वेळचे आमचे उत्तर त्यांना आठवले असावे.

आम्ही म्हणालो, "किती फुटी पत्रे, ते सांगा. लिहून घेतो."

त्याच संध्याकाळी, चाळीस वर्षांचा नेम मोडून, आम्ही ओळखीच्या श्रोत्यांना एकेक करून फोन केले आणि मागितले. पहिल्या फोनला जीभ जड झाली. तिसऱ्या-चौथ्याला सुटली. सर्वांनीच दिले असे नाही. दोघांनी आम्हांस तेच सांगितले, जे आम्ही एकदा सांगितले होते: महाराज, पांडुरंग पाहतो आहे. आम्ही रागावलो नाही. "खरं आहे," म्हणालो, "तो पाहतो आहे म्हणूनच तुम्हांला फोन केला."