झेरॉक्सवर निघालेलं बंड

पंक संगीतावर जाडजूड पुस्तकं निघतात आणि विद्यापीठांत ती अभ्यासाला लागतात, याबद्दल रॉकच्या जुन्या चाहत्यांमध्ये कायमची नाराजी आहे. त्यांचं म्हणणं असं, की ज्या गाण्यांना दोन-अडीच मिनिटं पुरली, ज्यांनी वाद्य नीट हाताशी येण्याचीही वाट पाहिली नाही, त्यांना पाचशे पानांत बसवणं म्हणजे त्यांचा जीव घेणं. ही नाराजी मनापासूनची आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण तिच्या मुळाशी असलेलं गृहीतक टिकत नाही. आधी नुसता आवाज होता आणि कागद मागून आला, असं पंकच्या बाबतीत घडलेलं नाही. तो पहिल्यापासून लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचाही उद्योग होता. म्हणून त्याच्यावर पुस्तकं यावीत की नाही, हा वाद मला निरर्थक वाटतो. कोणतं पुस्तक त्या वृत्तीला जागतं, हे मात्र कसून तपासायला हवं.

न्यूयॉर्कपासून पाहू. पॅटी स्मिथ गायिका म्हणून नावारूपाला येण्याआधी कविता वाचत होती आणि रेकॉर्डची परीक्षणं लिहीत होती. फेब्रुवारी 1971 मध्ये सेंट मार्क्स चर्चमधल्या तिच्या काव्यवाचनाला इलेक्ट्रिक गिटारची साथ दिली लेनी के याने, आणि तोही मुळात समीक्षकच. टेलिव्हिजन या गटाच्या टॉम व्हर्लेनने आपलं नाव एका फ्रेंच कवीवरून घेतलं. त्याचा साथीदार रिचर्ड हेल न्यूयॉर्कला आला तोच कवी व्हायला, आणि तिथे त्याने स्वतःचं छोटं नियतकालिक काढलं. ‘पंक’ या नावाचं मासिक जानेवारी 1976 मध्ये बाजारात आलं. रामोन्सचा पहिला अल्बम त्यानंतर तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये निघाला. म्हणजे ज्या रेकॉर्डला आज या संगीताचा आरंभ मानतात, तिच्या आधी तिच्याबद्दल लिहिणारं मासिक हजर होतं. या तारखा चाहत्यांनी एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात.

लंडनमध्ये तर कागदाचं महत्त्व याहूनही मोठं होतं. बँकेत कारकुनी करणाऱ्या मार्क पेरीने जुलै 1976 मध्ये ‘स्निफिन ग्लू’ हे फॅनझिन, म्हणजे चाहत्याने स्वतःच काढलेलं छोटं मासिक, सुरू केलं. लहान मुलांचा जुना टाइपरायटर, मथळ्यांसाठी जाड स्केचपेन आणि झेरॉक्स मशीन एवढंच त्याचं भांडवल. पहिल्या अंकाच्या साधारण पन्नास प्रती निघाल्या. वर्षभरात हा आकडा काही हजारांवर गेला. अंक पाहिला की खाडाखोड दिसते, ओळी तिरक्या गेलेल्या दिसतात, मजकूर समासात घुसलेला दिसतो. हा गबाळेपणा नव्हे. पान कसं तयार झालं हे वाचणाऱ्याला स्वच्छ दिसत होतं, आणि जे कसं झालं ते दिसतं ते आपल्यालाही करता येईल असं वाटतं. पेरीने तर वाचकांना उघडच बजावलं, की आमच्या लिखाणावर समाधान मानू नका, स्वतःचं फॅनझिन काढा. हीच गोष्ट रेकॉर्डच्या कव्हरवरही आली. बझकॉक्स या गटाने उसन्या पैशांतून जानेवारी 1977 मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ काढली. तिच्या कव्हरवर प्रत्येक गाणं कितव्या टेकला झालं, त्यावर नंतर काही डबिंग केलं की नाही, हे छापलं. पुढच्या वर्षी स्क्रिटी पोलिटीने आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर ध्वनिमुद्रणाचा, छपाईचा, लेबलांचा खर्चच मांडला. कंपन्या जे झाकून ठेवत ते या पोरांनी ग्राहकाच्या हातात दिलं. माझ्या लेखी पंकचा गाभा इथे आहे. फाटक्या शर्टांना आणि सेफ्टीपिनांना त्यानंतरची जागा.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की फॅनझिन वेगळं आणि वीस वर्षांनी लिहिलेलं पुस्तक वेगळं. फॅनझिन घडत असतानाचं, पुस्तक आठवणींवर उभं. आणि आठवणी फसव्या असतात. हे अगदी मान्य. 4 जून 1976 रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स वाजवायला आले तेव्हा प्रेक्षक होते चाळीसच्या आसपास. नंतर ‘मी तिथे होतो’ म्हणणाऱ्यांनी एखादं मैदान भरलं असतं. पण ही थाप उघडी कशाने पडली? डेव्हिड नोलनसारख्या लेखकाने एकेकाला गाठून, साक्षी ताडून पाहून त्यावर पुस्तक लिहिलं म्हणून. दुसरं उदाहरण त्या प्रसिद्ध रेखाटनाचं: तीन कॉर्डच्या आकृत्या, आणि त्यांच्याखाली बँड काढण्याचा सल्ला. सगळे त्याचं श्रेय ‘स्निफिन ग्लू’ला देतात; प्रत्यक्षात ते ‘साइडबर्न्स’ नावाच्या दुसऱ्याच फॅनझिनमध्ये आलं होतं. तोंडोतोंडी चालत आलेली चूक छापील पानाशी ताडूनच दुरुस्त होते.

पंकवरच्या चांगल्या पुस्तकांनी एक गोष्ट कटाक्षाने केली आहे: भांडण मिटवलेलं नाही. लेग्ज मॅकनील आणि गिलियन मॅककेन यांचं ‘प्लीज किल मी’ (1996) हा निव्वळ मुलाखतींचा मौखिक इतिहास आहे. एकाच रात्रीबद्दल दोन माणसं दोन उलटसुलट गोष्टी सांगतात, आणि यातली खरी कोणती हे सांगायला निवेदक पुढे येत नाही. जॉन सॅव्हेजचं ‘इंग्लंड्स ड्रीमिंग’ (1991) याच्या अगदी उलट रीतीचं: लेखक बोलतो, लंडनच्या राजकारणाचा आणि मंदीचा अर्थ लावतो, आणि मध्येच त्या काळातल्या स्वतःच्या डायरीतल्या नोंदी देतो. एक पुस्तक पंकचं मूळ न्यूयॉर्कच्या बॉवरीवर शोधतं, दुसरं लंडनच्या किंग्ज रोडवर. दोन्ही वाचल्याशिवाय एकही पुरतं कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ही पुस्तकं लिहिणारे शिकलेले, म्हणून ते परके, असं म्हणणाऱ्यांनी हेही आठवावं, की क्लॅश या गटाच्या जो स्ट्रमरचे वडील परराष्ट्र सेवेत होते. पंक हे फक्त कामगारवस्तीतल्या पोरांचं संगीत, ही समजूतही थोडी तपासून घ्यावी अशीच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पुस्तकं आणि प्रदर्शनं मानकऱ्यांची यादी तयार करतात, आणि यादीबाहेरच्यांना इतिहासातून काढून टाकतात. 2016 मध्ये ब्रिटिश लायब्ररीत पंकचं प्रदर्शन भरलं. माहितीफलकावर पुरुषांच्या गटांची तेवढी नावं होती. स्लिट्स या गटाची गिटारवादक व्हिव्ह अल्बर्टाइन तिथे गेली, आणि तिने सरळ पेनने ती नावं खोडून स्लिट्स, एक्स-रे स्पेक्स, सूझी अँड द बॅनशीज ही नावं लिहिली. बायकांचं काय, असा सवाल करून खाली सहीही ठोकली. तिची हरकत पूर्ण रास्त होती. पण ती नोंदवायला तिने वापरलेलं साधन पाहावं. तिने फलक फोडला नाही. तो दुरुस्त केला, लिहून केला. त्याआधी दोन वर्षं, 2014 मध्ये, तिने आपलं आत्मचरित्रही लिहिलं होतं. तिथे कपडे, आई, मैत्री, आजारपण आणि संसार हे सारं गिटारइतक्याच मोलाने येतं. वगळणाऱ्या इतिहासाला उत्तर दिलं ते वगळलेल्या बाईने लिहिलेल्या पुस्तकाने.

प्रदर्शनाच्याच वर्षी, 2016 मध्ये, सेक्स पिस्टल्सचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरेन आणि फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड यांचा मुलगा जो कोरे याने थेम्स नदीवर पंकच्या वस्तूंची होळी केली. त्यांची किंमत पन्नास लाख पौंड असल्याचं त्याने सांगितलं. पंकची संग्रहालयातली वस्तू झाली आहे, हा त्याचा संताप समजण्यासारखा आहे. तरीही मला ती कृती पटत नाही. जळाल्या त्या लिलावात भाव येणाऱ्या दुर्मीळ वस्तू. आणि एखादी वस्तू दुर्मीळ झाली, की उरलेल्यांची किंमत वाढते. बाजाराचं त्यात नुकसान झालं नाही, झालं असेल तर पुराव्याचं. साध्या बांधणीचं पुस्तक मात्र कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात हाताला लागतं आणि हजार जणांनी वाचलं तरी झिजत नाही.

पुराव्याची चाड वाटण्याचं कारण भारतीय उपखंडातून ब्रिटनमध्ये गेलेल्यांच्या इतिहासात सापडतं. ऑगस्ट 1976 मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. तिला उत्तर म्हणून काही जणांनी संगीत-साप्ताहिकांना पत्र लिहिलं. त्या पत्रातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. 30 एप्रिल 1978 रोजी व्हिक्टोरिया पार्कमध्ये हजारोंसमोर क्लॅश, स्टील पल्स आणि एक्स-रे स्पेक्स वाजले. याच वातावरणात 1979 साली लंडनमध्ये ‘एलियन कल्चर’ हा गट निघाला: तिघे पाकिस्तानी कुटुंबांतले, चौथा गोरा. वेगळ्या संस्कृतीच्या लोकांनी देश भरून जाईल अशी भीती लोकांना वाटते, असं मार्गारेट थॅचर एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या. गटाचं नाव हे त्याला दिलेलं उत्तर होतं. त्यांची एकच सिंगल निघाली, आणि पंकच्या नेहमीच्या याद्यांमध्ये हा गट सहसा नसतो. क्लॅशवर कपाटभर पुस्तकं आहेत. आणखी एक आलं नाही तरी चालेल. लंडनमधल्या साउथॉलच्या सभागृहांत, आशियाई तरुणांच्या संघटनांत, भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकांत हे संगीत कसं पोचलं आणि घरी आईबापांना त्याबद्दल काय सांगितलं गेलं, याचा ‘प्लीज किल मी’सारखा अनेक तोंडांनी बोलणारा इतिहास मला वाचायचा आहे. तेव्हा विशीत असलेली ती मंडळी आज साठी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या मुलाखती आत्ताच घेतल्या पाहिजेत, आणि घरात जपलेली पत्रकं कुणी रद्दीत घालण्याआधी त्यांच्या प्रती काढून घेतल्या पाहिजेत.