मायेचा हात

माया कधी कोणाला फसवीत नाही, अशी आपली भाबडी समजूत असते. युनिस रिव्हर्स या अमेरिकन परिचारिकेची हकीकत वाचली आणि माझ्या समजुतीला तडा गेला.

अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथे १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब निग्रो पुरुष पाहणीसाठी निवडले. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. 'तुमचे रक्त बिघडले आहे' एवढेच त्यांना सांगण्यात आले. रोग अंगात राहू दिला तर तो कोठवर जातो, हे खात्याला पाहायचे होते! पुढे पेनिसिलीन आले. तेही त्यांना दिले नाही. १९७२ साली वर्तमानपत्रांनी वाचा फोडली, तेव्हा कुठे हे थांबले.

डॉक्टर येत, जात. रिव्हर्सबाई मात्र १९६५ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच होत्या. त्या स्वतः निग्रोच. रुग्णांना मोटारीतून नेत-आणत, घरच्यांची विचारपूस करीत, कोणी गेला तर मयताला जात. ही माया खोटी नव्हती. पण तिच्यावर विसंबूनच ती माणसे येत राहिली.

कोणता उपचार खरा, हे पडताळून पाहावेच लागते. परंतु ज्याच्या देहावर पाहायचे, त्याला सारे सांगून त्याची संमती घ्यायला नको का? १९७९ च्या बेल्मॉन्ट अहवालाने हेच बजावले.

मीही शिक्षक, मुले माझ्यावर विश्वास ठेवतात. म्हणून वाटते, कपाळावर हात ठेवणे ही शुश्रूषा खरी. पण खरे सांगणे ही तिची पहिली पायरी.